तेरा वॅट आणि बिनफोडणीचं वरण

सँडीफोर्ड, डब्लिन
गुरुवार (पाऊस. इथे वार बदलतो, हवा बदलत नाही.)

तीर्थस्वरूप गुरुनाथदादा यांसी,

दिलीपचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. इथल्या लाकडी जमिनीवर एकदा आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक, म्हणजे तुमची बहीण, सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलतं.) तुमचा गुडघा कसा आहे? नव्या फ्लॅटची लिफ्ट सुरू झाली, की बिल्डर अजून गणपतीचा वायदा करतोय? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं शुभदाकडून कळलं. बरं वाटलं. आता त्यांना मिरजेतला रस्ता दिसू लागेल, तेवढं वाईट. आम्ही इकडे सर्व खुशाल. खुशाल हा शब्द लिहून झाल्यावर मी खोडणार होतो, पण पेन शाईचं आहे आणि कागद लेकीचा, राहू दे.

या जमान्यात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर माझा फोन हा माझा राहिलेला नाही. सानिकाने तो घरातल्या मोठ्या टॅबला जोडून दिला आहे, त्यामुळे मी काय लिहितो ते स्वयंपाकघरात डाळ शिजत असताना सगळ्यांना दिसतं. परवा मी नुसतं 'शपथ म्हणजे काय' एवढं शोधलं, तर तासाभरात लेकीने विचारलं, बाबा, कोर्टाचं काही काम निघालंय का? म्हणून हे पत्र. यात निव्वळ तांत्रिक माहिती आहे. तुम्ही कोर्टात चौतीस वर्षं शिरस्तेदार होतात, तुम्हाला ज्ञानाची आवड आहे, तेव्हा माझ्या हातून एक नवा विषय तुमच्यापर्यंत पोचावा एवढाच हेतू. मागणं काही नाही.

विषय असा की आमचे जावईबापू, सारंगराव, यांनी लग्नाच्या तिसऱ्या वाढदिवसाला सिगारेट सोडली. सानिकाने हे सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं, तुम्हीही अंगठा पाठवला होतात. मुलगा गुणी आहे. लुआस नावाच्या ट्रामने ऑफिसला जातो, संध्याकाळी भांडी घासतो, मला बाबा म्हणतो. पण गेल्या महिन्यात मी इस्त्री शोधत होतो (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, म्हणून मी इस्त्रीसाठी प्रेस मागितली आणि इस्त्री प्रेसमध्येच मिळाली, ते असो), तर इस्त्रीच्या मागे मोज्यात गुंडाळलेली एक वस्तू हाताला लागली. टॉर्चएवढी. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला काचेची नळी, तिच्यात आंब्याच्या वासाचं तेलकट पाणी. इलेक्ट्रॉनिक सिगारेट! आपल्याकडे सरकारने बंदीच घातली आहे, म्हणून मी जवळून पाहिली नव्हती. दुसरा सासरा असता तर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. मी उघडून पाहिली.

दादा, आत काय असावं? एक कॉइल! आपल्या शेगडीत असते तशी, पण करंगळीच्या नखाएवढी, कापसात गुंडाळलेली. बटण दाबलं की बॅटरीतून करंट जातो, कॉइल तापते, कापसातलं पाणी उकळतं आणि त्याची वाफ माणूस ओढतो. संपलं. एवढ्यासाठी लोक एवढं अवडंबर माजवतात. आणि बॅटरीच्या बुडाला एक चकती, ती फिरवली की व्होल्टेज सव्वातीनपासून पावणेपाचपर्यंत वाढतं. चकती कुठे असावी? थेट शेवटाला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सिगारेट लपवली म्हणून नाही हो. कॉइलचा रेझिस्टन्स न बघता पूर्ण व्होल्टेज लावलं होतं म्हणून.

संध्याकाळी सारंगरावांना गॅलरीत घेतलं. बिचारा पांढराफटक. बाबा, प्लीज सानिकाला सांगू नका, हळूहळू सोडतोय, पण हल्ली ओढलं की जळका वास येतो, घसा खरवडतो. मी म्हटलं, येणारच! पातळ बुडाची कढई मोठ्या जाळावर ठेवाल तर फोडणी करपणार नाही तर काय होणार? रेझिस्टन्स कमी तर व्होल्टेज कमी, रेझिस्टन्स जास्त तर व्होल्टेज थोडं वाढवायचं, म्हणजे शेवटी वॅट तेवढेच पडतात. ओहमचा नियम नववीत असतो. तर हा एम.टेक. झालेला माणूस मला म्हणतो, बाबा, मी सॉफ्टवेअरला आहे. तिथेच मी ठरवलं की हे प्रकरण आपण हातात घ्यायचं. घरातली कॉइल जळतेय आणि वीज मंडळातून एकतीस वर्षांनी निवृत्त झालेला इंजिनिअर शेजारच्या खोलीत सुडोकू सोडवतोय, हे माझ्या तत्त्वात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटा दुकानात जाऊन आलो. दाढीवाला माणूस, हातभर गोंदलेलं, स्वभावाने चांगला. मी विचारलं, या कॉइलच्या रेझिस्टन्समध्ये कमीजास्त किती धरायचं? तो म्हणाला, ग्रँड. (इथे सगळं ग्रँड असतं. हवा ग्रँड, चहा ग्रँड, मयत झालेला माणूसही गेल्या आठवड्यापर्यंत ग्रँडच असतो.) मग त्याने नवी कॉइल दिली आणि सांगितलं की चकती अगदी खाली ठेवायची, थोडं ओढून बघायचं, मग एकेक रेघ वर न्यायची, चव बिघडली की थांबायचं. म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! सबस्टेशन असं चालवलं असतं तर सांगली जिल्हा काळाठिक्कर पडला असता. मी हसून पैसे दिले आणि बाहेर आलो.

आता मोजमाप. माझं मीटर मी बरोबर आणलं आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच, कारण विमानतळावर शुभदाने ते बॅगेतून काढून तुमच्या हातात दिलं होतं आणि तुम्ही ते मला गुपचूप परत दिलं होतंत. (त्याबद्दल आजन्म ऋणी.) भाजणीच्या पिठात नीट आलं. मीटरला आता वीस वर्षं झाली, तारांना दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे, पण बोलतं खरं. खरं सांगायचं तर मोजणी हे दोघांचं काम आहे. घरी मी आकडा वाचतो आणि शुभदा दोन्ही तारा टोकाला धरून उभी राहते. अडतीस वर्षं मिक्सर, पंखा, गीझर, सगळं तिनेच धरलंय. पण या खेपेला तिला बोलवायचं कसं? तेव्हा आपला हात जगन्नाथ. तारा कॉइलला लावल्या, दोन पूर्णांक दोन ओहम आले. कॉइलवर काहीतरी बारीक छापलेलं होतं, पण छापील आकड्यावर विसंबणारा इंजिनिअर आणि जाहीरनाम्यावर विसंबणारा मतदार सारखेच. प्रल्हाद आठवतो ना, माझ्या हाताखाली ज्युनियर होता, आता तुमच्याच कॉलनीत राहतो? त्याने एकदा रेझिस्टन्स मोजताना मीटरच्या तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा केला नव्हता. मी त्याला लेखी मेमो दिला होता. मोजमाप म्हणजे मोजमाप.

पाकिटावर नऊ वॅट लिहिलं होतं. दोन पूर्णांक दोन ओहमला नऊ वॅट हवे तर साडेचार व्होल्ट. चकती तिथे लावली. आता राहिली चाचणी. आणि इथे, दादा, तुम्ही निवृत्त असलात तरी कोर्टाची खुर्ची मनाने घ्या. लोड न देता चाचणी म्हणजे नुसता देखावा, आणि या यंत्राला लोड म्हणजे माणसाचा श्वास. हवा आत गेली नाही तर कॉइल थंड कशी राहणार? सारंग आणि सानिका दूध आणायला गेले होते. रविवार, दुपारचे पावणेबारा. शुभदा स्वयंपाकघरात वरणाच्या फोडणीची तयारी करत होती. घरात चाचणीला उपलब्ध असा माणूस मी एकटाच.

जागा निवडली हॉट प्रेस. गरम पाण्याची टाकी असलेलं हे कपाट, त्यात टॉवेल वाळत घालतात. मी आत शिरलो, दार लावून घेतलं, पालथ्या बादलीवर बसलो. आणि पहिला झुरका घेतला.

तुम्ही साक्षीदार आहात म्हणून खोटं बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी, छातीत दोन स्प्रिंगा बसवून मी दवाखान्यातून तुमच्याकडे आलो, तेव्हा तुमच्या देव्हाऱ्यापुढे, हातात सुपारी घेऊन, विडी, सिगारेट, तपकीर आणि तंबाखू यांना स्पर्श करणार नाही अशी शपथ मी घेतली. मजकूर तुमचाच होता. शुभदा शेजारी उभी राहून रडत होती. त्या मजकुरात वाफ नाही. तंबाखू नाही, विस्तव नाही, राख नाही. कुकरला येते तशी वाफ. (बाटलीत निकोटिन होतं. तीन मिलिग्रॅम. ते बारीक अक्षर मात्र मी चष्मा लावून वाचलं होतं.) पण पहिल्या झुरक्याला काय सांगू! सबस्टेशनच्या मागचा कट्टा, पहाटेची शिफ्ट, सगळं परत आलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाफेचं नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या एक झुरका पुरेसा होता. मी सात घेतले.

सातव्याला कापूस जळला. घशात कोणी तिखट ओतावं तसं झालं. खोकत खोकत दार लोटलं, तर आतला आंब्याचा ढग आणि जळक्या कापसाचा धूर हातात हात घालून बाहेर निघाले आणि थेट वरच्या धूर ओळखणाऱ्या डबीखाली जाऊन उभे राहिले. स्वयंपाकघरातल्या डबीला आम्ही फोडणीपूर्वी अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालतो, इथल्या बहुतेक मराठी घरांत तशी टोपी असते. पॅसेजमधली डबी उघडीबोडकी. एकदम शंख केला. मग जिन्यात, मग खालच्या मजल्यावर, मग अख्ख्या इमारतीत. सहा मजले, साठ घरं, सगळे रिमझिम पावसात कार पार्कमध्ये. एक बाई टॉवेलात, एक म्हातारा मांजराच्या पिंजऱ्यासकट. कोणी चिडलं नाही. जो तो आमच्याकडे बघून हसून म्हणत होता, ग्रँड. ते जास्त लागलं.

पिवळं जाकीट घातलेला इमारतीचा माणूस आला, तिसरा मजला, तुमचं घर, काय झालं? मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगतो (ही वेगळी शपथ), उघडलं होतं. पण आधी खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत शुभदा पुढे होऊन म्हणाली, सॉरी, माय कुकिंग. तो वर जाऊन आला, टोपी पाहिली, टोपीबद्दल दोन शब्द ऐकवले, आणि जाताना तिला म्हणाला, आंब्याचा वास मात्र सुंदर होता, काय पदार्थ आहे? शुभदा म्हणाली, मँगो डाळ. भोळी आहे हो. तिला खरंच वाटलं की तिच्या फोडणीने एवढा अनर्थ केला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली की तिसऱ्या मजल्यावरच्या रहिवाशांनी स्वयंपाक जपून करावा. ती चिठ्ठी तिने उभं राहून पूर्ण वाचली. मी शेजारी उभा होतो. मी बटणं वाचत होतो.

तेव्हापासून, दादा, आज अकरावा दिवस, या घरात फोडणी पडलेली नाही. डाळ शिजते, हळद, मीठ, आणि तशीच ताटात. बटाट्याची भाजी उकडलेली. आमटीला रंग आहे, जीव नाही. काल मी सहज म्हटलं, जिरं तरी... तर ती म्हणाली, नको, उगीच लोकांना पावसात उभं करायचं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी जेवलो असतो. पोरांचीही अन्नावरची वासना उडाली आहे. सारंग रात्री दोन घास खाऊन उठतो, म्हणतो ऑफिसात खाल्लं; सानिका म्हणते भूक नाही. आईच्या हाताची फोडणी माहीत असलेली पोर ती, तिला हे कसं उतरणार? संध्याकाळी मी तासभर पार्कात फिरून येतो, तेव्हा पोटात नुसते कावळे ओरडत असतात.

खरं सांगून टाकावं, असं रोज सकाळी ठरवतो. पण सांगायचं म्हणजे माझी शपथ गेली, सारंगचा संसार अडचणीत, आणि अडतीस वर्षांनी बायकोच्या नजरेत मी कोण? कार पार्कमध्ये गप्प राहिलेला माणूस. झुरक्यापेक्षा ते वाईट, हे मलाही कळतं. छातीत दोन स्प्रिंगा आहेत, तिसरीची जागा तयार होतेय असं वाटतं. बाकी तांत्रिक निष्कर्ष असा की बॅटरी सदोष असावी. माझं गणित बरोबर होतं.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

आपला आज्ञाधारक (आजपर्यंतचा),
दिलीप

ता.क. मागणं नाही म्हणालो होतो, पण एक बारीकसं आहे. रविवारी शुभदाला फोन करून सांगा की परदेशात फोडणी बंद ठेवणं शास्त्रात बसत नाही, किंवा तुम्हाला स्वप्न पडलं, काहीही. तुमचा शब्द ती मोडत नाही. आणि जमलं तर शपथेच्या मजकुरात वाफ येते की नाही, याबद्दल दोन ओळींचा निकाल द्या. खाली सही हवी.

ता.क. २. बॅटरी सदोष नाही. त्या संध्याकाळी मीटर गुंडाळताना सवयीने दोन्ही तारांची टोकं एकमेकांना लावली, तर शून्याऐवजी शून्य पूर्णांक सात ओहम! तारांचाच रेझिस्टन्स, आणि मी तो वजा केला नव्हता. म्हणजे कॉइल दोन पूर्णांक दोनची नव्हतीच, दीडची होती. (भिंग लावून पाहिलं. कॉइलवर दीडच छापलं आहे.) नऊ वॅटच्या जागी तेरा वॅट गेले. शपथ मोडल्याचं एक वेळ सगळ्यांना सांगा, पण हे प्रल्हादला कळता कामा नये. शिवाय दुसऱ्या दिवसापासून मीटरच्या तारा सापडत नाहीत. सगळ्या प्रेस धुंडाळल्या.

ता.क. ३. तुमच्या नव्या फ्लॅटचा पत्ता शुभदाच्या वहीत आहे, म्हणून पाकीट तेवढं तिच्याकडून लिहून घेतो. दुसऱ्याचं पत्र वाचायची तिला सवय नाही.

दादा, नमस्कार. शुभदा लिहितेय. सवय नव्हती, लागली.

मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मोहरी मी तेलात टाकलीसुद्धा नव्हती, तेव्हा ती डबी वाजली, आणि हे हॉट प्रेसमधून आंब्याच्या वासात बाहेर आले. कार पार्कात यांचा चेहरा बघून माझ्याच छातीत धस्स झालं. आता इथेच काही होतं की काय असं वाटलं, म्हणून जे सुचलं ते बोलले. सारंगने त्याच संध्याकाळी सानिकाला सगळं सांगून टाकलं, दोघं एक दिवस भांडली, आता ती रोज त्याची चकती एकेक रेघ खाली आणतेय. तेव्हा पोरांची काळजी नको.

वरण मी रोज दोन पातेल्यांत करते. हे संध्याकाळी पार्कात गेले की आम्ही तिघं फोडणीचं गरमगरम जेवून घेतो. कालच्याला लसूण होता. हे स्वतःहून बोलले की त्याच मिनिटाला फोडणी टाकीन, तेल तापवूनच ठेवलंय. तू फोन करून मध्ये पडू नकोस, आणि निकाल तर मुळीच देऊ नकोस. आमच्या परतीला अजून तीन आठवडे आहेत.

शपथेचं वाईट वाटलं. तुझ्यासमोर घेतली होती, रडायला आलं मला. पण त्याहून एक लागलं. अडतीस वर्षं यांच्या प्रत्येक मोजणीला दोन्ही तारा मी धरल्या, आधी टोकं जुळवून आकडा घ्यायचा हे मला झोपेतही पाठ आहे. या वेळी मला हाक मारली नाही.

तारा माझ्या साडीच्या घडीत आहेत. मागितल्या की देईन.

तुझी, शुभदा